गळ्यातली पाटी

पैज लागली ती पेंटरच्या मिशीवर. मिशीही होती तशीच, पैजेवर लावण्याजोगी. गालाच्या मध्यापर्यंत आलेली, दोन्ही टोकं वर वळलेली, जाड ब्रशने एका दमात ओढल्यासारखी. सकाळी दात घासायच्या आधी पेंटर तिला तेल लावायचा. बायको म्हणायची, "माझ्या केसांची कधी एवढी विचारपूस केली नाहीस."

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली, न्हाव्याच्या दुकानासमोर, नेहमीची मंडळी बसली होती. शाळेत घंटा वाजवणाऱ्या मावशी हातात बादली घेऊन आल्या आणि बातमी टाकली. शाळेत नवीन बाई आल्यात. गणिताच्या नाहीत, भाषेच्या नाहीत. मनाच्या. जिन्याखालच्या खोलीत बसतात. पोरांना जे कुणाजवळ बोलता येत नाही ते त्यांच्याजवळ जाऊन बोलायचं.

"म्हणजे चहाड्या," पेंटर म्हणाला.

"चहाड्या कसल्या? झोप येत नाही, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, जीव नकोसा होतो. असलं काहीबाही."

"नववीतल्या पोरांना जीव नकोसा? मावशी, त्या वयात मला फक्त भूगोल नकोसा व्हायचा."

मंडळी हसली. आता पेंटरचं असं होतं, की एकदा हशा मिळाला की त्याला ब्रेक लागत नसे. तो न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "महिन्याभरात एक पोर, फक्त एक, आपल्या पायांनी त्या खोलीत गेलं तर माझी अर्धी मिशी उडवा. याच खुर्चीत, सगळ्यांच्या देखत. आणि उरलेली अर्धी घेऊन मी आठवडाभर गावभर फिरेन."

"आणि मी हरले तर?" मावशींनी बादली खाली ठेवली.

"तर आठवडाभर मी दिसलो की सलाम ठोकायचा आणि म्हणायचं, पेंटरसाहेब, अक्कल तुमच्याकडून घ्यावी."

"एवढं खोटं माझ्या तोंडातून निघायचं नाही बाबा. पण लावली."

समोरच्या शिंप्याला सगळे वकील म्हणायचे, कारण पायजम्याच्या नाडीवरूनही तो कायदा काढायचा. त्याने लगेच कलमं घातली. पोर स्वतःहून गेलं पाहिजे, पाठवलेलं चालणार नाही. पुरावा लागेल. वस्तरा न्हावी चालवेल, कारण तो दोघांचाही नाही. न्हावी हसून म्हणाला, "मला काय, मी कुणाचीही उडवतो."

दुकानात मागच्या बाजूला न्हाव्याची मुलगी टॉवेलांच्या घड्या घालत होती. नववीत होती. तिला मिठू हे नाव पेंटरनेच ठेवलेलं. लहानपणी ती एवढी बोलायची, की गिऱ्हाईक दाढी अर्धवट ठेवून पळेल अशी भीती वाटायची. गेले दोन महिने मात्र मिठू गप्प झाली होती. शाळा, घर, टॉवेल. कुणात नाही, कशात नाही. आणि सगळी बिल्डिंग न्हाव्याचं अभिनंदन करत होती, की पोरगी बघ कशी शहाणी झाली. न्हावीही गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावता लावता सांगायचा, "बघा माझ्या मुलीला. आवाज म्हणून नाही." त्या सकाळी तिने घडी घालायचं थांबवून मावशींकडे एकदा पाहिलं. पेंटरच्या ते लक्षात आलं नाही. तो मिशीत दंग होता.

सोमवारी हेडसरांनी पेंटरला शाळेत बोलावलं. दोन कामं होती.

पहिलं काम पाटीचं. त्या शाळेची एक जुनी शिस्त होती. तास चालू असताना वर्गाबाहेर पडायचं तर गळ्यात लाकडी पाटी घालायची, म्हणजे कोण कुठे चाललंय ते व्हरांड्यात उभ्या असलेल्या कुठल्याही सरांना विचारावं लागू नये. 'पाणी', 'कार्यालय', 'औषध', अशा पाट्या प्रत्येक वर्गाच्या दारामागे खिळ्याला लटकलेल्या असत. आता त्यात एक वाढवायची होती. 'समुपदेशन'. नव्या मॅडम हेडसरांना म्हणाल्याही, "सर, माझ्याकडे येणाऱ्यांना पाटी नको. मुलं येणार नाहीत."

"शिस्त म्हणजे शिस्त," हेडसर म्हणाले. "अहो, यात लपवण्यासारखं काय आहे?"

पेंटरला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. त्याने पाट्या घरी नेल्या आणि रंगवल्या त्या अशा, की ज्याचं नाव ते. बाकीच्या पाट्यांच्या दुप्पट मोठ्या. भडक नारिंगी जमीन, काळी अक्षरं, अक्षरांना मागून पांढरी सावली, चारी बाजूंनी वेलबुट्टी. व्हरांड्याच्या या टोकाला पोराने घातली तर त्या टोकाला चष्म्याशिवाय वाचता यावी. ही पाटी घालून कोण माईचा लाल बाहेर पडतो ते बघतोच, तो बायकोला म्हणाला. हेडसरांनी पाटी हातात घेऊन म्हटलं, "वा. काम म्हणजे काम." मॅडमनी पाटीकडे बघितलं, मग पेंटरकडे बघितलं.

दुसरं काम मॅडमच्या खोलीसमोरच्या भिंतीचं. त्यांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या, मैत्रीण किंवा मित्र अडचणीत दिसला तर काय करायचं त्याच्या. त्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हव्या होत्या. पेंटरने कागद घडी करून खिशात ठेवला, अक्षर बघण्यापुरता काढायचा, आणि दोरीला खडू लावून ओळी आखल्या.

पेंटरची काम करायची रीत वेगळी. तो अक्षरं लिहीत नसे, बांधत असे. आधी सगळ्या ओळीची शिरोरेघ एका झटक्यात. मग त्या रेघेखालचे सगळे उभे दांडे, गवंडी खांब उभे करतो तसे. मग गोलाई, पोटं, वेलांट्या, आणि शेवटी टिंबं. ओळ पुरी होईपर्यंत भिंतीवर नुसतं कुंपण दिसायचं, आणि पुरी झाली की पेंटर पुढच्या ओळीवर गेलेला असायचा. पस्तीस वर्षांत त्याने दवाखाने, दुकानं, पतपेढ्या, निवडणुका, सगळं रंगवलं. वाचलं त्यातलं काहीच नाही. हात अक्षर बघायचा, अर्थ गिऱ्हाइकाचा.

शिवाय त्याला घाई नव्हती. रोज दोन तास यायचं, खोलीत कुणी शिरतंय का त्यावर नजर ठेवायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नारिंगी पाटी कुठल्याच वर्गाच्या खिळ्यावरून हलली नाही. मावशी घंटा वाजवून येता येता त्याच्याकडे बघायच्या. तो मिशीवर बोट फिरवायचा.

मिठू मात्र रोज मधल्या सुट्टीत नळावर पाणी प्यायला यायची आणि भिंतीसमोर थांबायची. तीन ओळी झाल्या होत्या. चौथीचं कुंपण उभं होतं.

"पेंटरकाका, चौथी ओळ कधी होणार?"

"होईल. गाडी सुटतेय का तुझी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काका, आज होईल?"

"अगं, तुला काय परीक्षेला आहे का ती?"

"नाही," ती म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. नुसती उभी राहिली. पेंटरला वाटलं, पोरीला चित्रकलेचा नाद लागला.

सतराव्या दिवशी, बुधवारी, तिसऱ्या तासाला, पेंटर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून चौथ्या ओळीची पोटं भरत होता. व्हरांडा रिकामा. आणि लांबच्या वळणावरून नारिंगी रंग आला.

मिठू होती. पाटी छातीवरून पोटापर्यंत लोंबत होती. दोन्ही हातांनी तिने ती धरली होती, अक्षरं तळव्यांखाली जातील तेवढी झाकून. पण दुप्पट पाटी ती दुप्पट पाटी. दहावीच्या खिडकीतून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "ए, डोकं तपासायला चालली बघ." ती चालत राहिली. तिची नजर खोलीच्या बंद दारावर होती आणि पावलं मोजल्यासारखी पडत होती. वीस पावलं उरली असतील.

पेंटरला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात आधी आली ती मिशी. आणि त्याच्या तोंडाला तर सवयच होती, डोक्याच्या आधी उघडायची.

"मिठू," तो शिडीवरून मोठ्यांदा म्हणाला, "पाण्याचा नळ पलीकडे, बाळा. चुकून वेड्यांच्या रांगेत लागलीस काय?"

अख्खी खिडकी फुटून हसली. मिठू थांबली. तिने वर बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, दिवा गेल्यावर बल्बकडे बघतात तसं. मग वळली आणि आली तशी गेली.

पेंटर गोलाई भरू लागला. मिशी वाचली, असं त्याने मनात म्हणूनही घेतलं. पण ब्रश नीट वळेना.

चौथ्या तासाची घंटा झाली. नववीच्या वर्गशिक्षिका वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि मॅडमचं दार ढकलून डोकावल्या. "माझ्या वर्गातली मुलगी झाली का मोकळी? गणिताचा तास सुरू झाला."

मॅडम आतून म्हणाल्या, "कोण मुलगी?"

"अहो, तासाभरापूर्वी आली ना. पाटी घालून."

"माझ्याकडे सकाळपासून कुणीच आलेलं नाही."

वर्गाला वाटत होतं ती मॅडमकडे आहे. मॅडमना ती निघाल्याचंच माहीत नव्हतं. एक तास पोरगी कुणाच्याच हिशेबात नव्हती.

पेंटर शिडीवरून उतरला. "मॅडम, मी बघितली. न्हाव्याची मुलगी. इथपर्यंत आली होती."

"मग?"

"मी..." त्याने ब्रश डब्यात टाकला. "मी गंमत केली."

मॅडमनी काय गंमत ते विचारलं नाही. फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला गेली?" तेवढ्याने पेंटरला शिव्या खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

मग धावपळ. फाटकावरचा माणूस म्हणाला कुणी बाहेर गेलं नाही. वर्गशिक्षिका मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या, मावशी वरच्या मजल्यावर, मॅडम दुसऱ्या इमारतीकडे, जाता जाता कानाला फोन लावून, न्हाव्याला. पेंटरला कुणी काही सांगितलं नाही. तो उभा राहिला आणि विचार करू लागला, की आपल्याला लपायचं असतं तर. या शाळेतली लपायची जागा त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? शिडी आणि डबे तो रोज जिथे ठेवायचा तिथे. सभागृहाच्या स्टेजमागे, खेळाच्या सामानाची खोली.

दाराबाहेर जमिनीवर नारिंगी पाटी उलटी पडली होती. दार ढकललं. आतून कडी.

पेंटरने सभागृहाच्या दारापर्यंत पळत जाऊन जिन्यात दिसलेल्या मावशींना हातवारे केले, मॅडमना बोलवा, इकडे, लवकर. आणि परत आला. पन्नास वर्षांचा माणूस, छाती भात्यासारखी चाललेली.

"मिठू."

त्याने दारावर बोटाने टकटक केली.

"मिठू, माझा पांढऱ्याचा डबा आत राहिलाय. तेवढा दे ना सरकवून."

विनोद दाराला लागून खाली पडला. आत चेंडूंचा रबरी वास, आणि शांतता. पेंटरने कान लावला. श्वास ऐकू येतोय की आपलाच आहे ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं. तो दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. त्या भिंतीवर असंच काहीतरी होतं. अशा वेळी काय करायचं ते. सतरा दिवस त्याच्या हाताखालून गेलं होतं. त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या ओळीतल्या 'थ'चं पोट आठवलं, पहिल्या दोन ओळी आखूड होत्या म्हणून मध्ये घ्याव्या लागल्या ते आठवलं. शब्द एक आठवेना.

"मिठू," तो म्हणाला, "त्या भिंतीवर काय लिहिलंय गं?"

आतून, अगदी खालून, आवाज आला. "तुम्हीच लिहिलंय."

पेंटरने डोळे घट्ट मिटले. आवाज होता. "मी रंगवलंय. वाचलं नाही."

"खोटं."

"आईशप्पथ. पस्तीस वर्षांत एक पाटी वाचली नाही मी. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा मीच रंगवली, तारीख बायकोने सांगितली. पहिली ओळ काय आहे?"

"जवळ थांबा."

"बसलोय. चालेल? दुसरी?"

"सरळ विचारा."

"काय विचारायचं सरळ?"

हळूहळू पेंटरला कळलं काय विचारायचं ते. रविवारी मावशींनी जे सगळ्यांसमोर म्हटलं होतं आणि त्याने भूगोलात घालवलं होतं, ते. असं विचारलं तर पोरीच्या डोक्यात नसेल तेही जाईल, असं वाटलं. पण भिंतीवर तसं लिहिलं होतं, आणि लिहिणारीला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मिठू. तुला जीव नकोसा झालाय का?"

आत कुणीतरी श्वास सोडला, बराच वेळ धरून ठेवलेला.

"मधेमधे."

"आत्ता?"

"आत्ता नुसतं बाहेर यायचं नाहीये."

"स्वतःला काही केलं नाहीस ना?"

"नाही."

"करायचं मनात आहे?"

"नाही हो काका. मला झोपायचंय. दोन महिने मी नीट झोपले नाहीये."

पेंटरने कपाळावरचा घाम पुसला. हाताचा रंग भुवईला लागला. "तिसरी ओळ सांग."

"शिकवू नका. ऐका."

ही ओळ त्याला सगळ्यात जड गेली. तोंडात चार वाक्यं तयार होती. अगं, सगळं ठीक होईल. अगं, तुझ्या वयात. त्याने दात दाबून धरले. आणि कडीच्या पलीकडे मिठू बोलू लागली, तुटक तुटक.

"सगळे म्हणतात शहाणी झाली. मी शहाणी नाही झाले. माझ्याकडून बोलणंच होत नाही. शब्द येईपर्यंत माणूस निघून गेलेलं असतं. सकाळी उठायचं म्हटलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. का ते मला माहीत नाही. काही झालेलंच नाहीये. मार्क ठीक आहेत, घरी ठीक आहे. पप्पा गिऱ्हाइकांना सांगतात, बघा माझी मुलगी. मग त्यांना कसं सांगू?"

सभागृहाच्या दारात मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या, धापा टाकत. पेंटरने त्यांच्याकडे असं बघितलं, की या आता, घ्या हे माझ्या हातातून. मॅडम पुढे आल्या नाहीत. त्यांनी दाराकडे बोट केलं आणि मान हलवली. चालू ठेवा.

"चौथी ओळ काय, मिठू?"

"ती तुम्ही अर्धी ठेवलीय," आतून आलं. आणि त्या आवाजात पहिल्यांदा राग होता. "रोज विचारत होते मी. तिन्ही ओळी दुसऱ्याने काय करायचं त्याच्या आहेत. मला वाटलं चौथी माझी असेल."

पेंटरने खिशात हात घातला. मॅडमचा कागद, चार घड्यांचा, रंगाने चिकटलेला. घडी उलगडताना कोपरा फाटला. त्याने तो डोळ्यांजवळ धरला आणि अक्षरांना जोडून, पहिलीतल्या पोरासारखं, वाचलं.

"एकटीने पेलू नका, एकट्याने पेलू नका. कुणाला तरी सोबत घेऊन मोठ्यांकडे जा."

तो थांबला. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी स्वतःसाठी.

"सोबत घेऊन म्हणतंय, मिठू. मी रिकामाच आहे."

"मी ती पाटी नाही घालणार."

"तू कशाला घालतेस? ती पाटी मी केलीय. माझ्या पापाची आहे." त्याने हात लांब करून पाटी ओढली आणि गळ्यात घातली. त्याच्या गळ्यात ती अगदी बेताची बसली. "आणि मघाशी मी जे बोललो ते घाणेरडं बोललो. पैजेपायी बोललो. आता माफ कर असं म्हणत नाही, ते नंतर बघ तू. आधी मॅडमकडे चल. त्या इथेच उभ्या आहेत."

कडी निघायला किती वेळ लागला ते पेंटरला कधीच सांगता आलं नाही. निघाली तेव्हा नेमकी मधल्या सुट्टीची घंटा झाली.

व्हरांडा भरला. सभागृहापासून मॅडमच्या खोलीपर्यंत सात वर्गांची पोरं. मिठूने ते बघितलं आणि तिची बोटं दाराच्या चौकटीवर पांढरी झाली. मॅडम हळूच म्हणाल्या, "थांबू या, सुट्टी संपेपर्यंत."

"नको," मिठू म्हणाली. "नंतर माझ्याच्याने होणार नाही."

"मग भिंतीच्या बाजूने चाल," पेंटर म्हणाला. "माझ्या खांद्यामागे. मॅडम, तुम्ही पलीकडून. कुणी तुझ्याकडे बघणार नाही, याची जबाबदारी माझी. तेवढं एक मला येतं."

त्याने मिशीची टोकं वर केली, छाती काढली आणि नारिंगी पाटी झेंड्यासारखी पुढे करून व्हरांड्यात उतरला.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, पेशंट येतोय."

दोनशे डोकी वळली. हशा उसळला. "पेंटरकाका, कुठे?"

"वाचता येत नाही का? एवढी मोठी केलीय ती काय शोभेला?"

"तुम्हाला काय झालंय?" दहावीतला तोच शिट्टीवाला.

पेंटरने तोंड उघडलं ते काहीतरी चटकदार बोलायला. पण त्या दिवशी तोंडातून जे निघालं ते त्याचं त्यालाच नवीन होतं. "मला शिडीची भीती वाटते. सहा वर्षांपूर्वी पडलो तेव्हापासून. तिसऱ्या पायरीच्या वर गेलो की हात थरथरतात. म्हणून मोठे बोर्ड सोडले. घरी सांगितलं, वरची कामं आता मिळत नाहीत."

पोरं हसली, कारण पेंटर बोलला की हसायचं असतं. मग काहींना वाटलं, हा खरं सांगतोय. हसू मध्येच लटकलं. सगळे त्याच्या तोंडाकडे, मिशीकडे, पाटीकडे बघत होते, आणि त्याच्या खांद्यामागून, भिंतीला घासत, एक मुलगी मॅडमचा हात धरून दारातून आत गेली. एकाही डोळ्याने ती टिपली नाही.

पेंटर बाहेर बाकावर बसला. दहा मिनिटांनी न्हावी धावत आला. अंगावर दुकानातलं एप्रन, मनगटावर फेस वाळलेला.

"काय झालं? कुठे आहे?"

"आत. धड आहे. बोलतेय."

"बोलतेय?" न्हावी दाराकडे बघत राहिला. आतून खरंच तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता. न्हावी मटकन बसला. "मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो रे. आवाज म्हणून नाही, आवाज म्हणून नाही."

"मी तर त्याच्याही पुढे गेलो," पेंटर म्हणाला, आणि काय केलं ते सगळं सांगितलं. वेड्यांच्या रांगेपर्यंत. न्हाव्याने ऐकून घेतलं. त्याची मूठ वळली, मग सुटली. मॅडमनी दार उघडून त्याला आत बोलावलं. उद्या डॉक्टरांकडे जायचं, त्या स्वतः बरोबर येतील, आणि तोपर्यंत मुलीला एकटं ठेवायचं नाही, हे पेंटरला दारातून ऐकू आलं. तो उठला आणि हेडसरांच्या खोलीत गेला.

तिथे काय बोलणं झालं ते मावशींनी दाराला कान लावून ऐकलं, पण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पेंटरने शाळेतल्या सगळ्या पाट्या घासून काढल्या आणि एकाच निळ्या रंगात रंगवल्या. अक्षर एकही नाही. पाणी प्यायला जा, कार्यालयात जा, मॅडमकडे जा, गळ्यात निळी पाटी, कोण कुठे चाललंय ते ज्याचं त्याला माहीत. चौथी ओळ त्याने त्याच दुपारी पुरी केली होती.

रविवारी न्हाव्याच्या दुकानासमोर मंडळी जमली. पेंटर आला आणि सरळ खुर्चीत बसला. "हरलो. उडवा."

मावशी घाईघाईने म्हणाल्या, "मला नको ती पैज. मी सोडली."

"सोडली कशी?" वकील पुढे सरसावला. "कोण गेलं ते कळल्याशिवाय मिशीला हात लागणार नाही. पुरावा. नाव सांगा. कुणाचं पोर?"

न्हाव्याचा फेस घोटणारा हात थांबला. मावशी बादलीच्या कडीकडे बघू लागल्या.

"मी गेलो," पेंटर म्हणाला.

"तू पोर आहेस?"

"बायकोला विचार."

वरच्या गॅलरीतून त्याची बायको म्हणाली, "आहे हो. मोठं व्हायचं नाव घेत नाही." सगळे हसले, पण वकील ऐकेना. "पाठवलेलं चालत नाही. स्वतःहून पाहिजे."

"गळ्यात पाटी घालून, भर सुट्टीत, माझ्या पायांनी गेलो. शाळेतलं कुठलंही पोर धरून विचार. शुक्रवारी परत गेलो, पाटी न घालता."

"आणि काय सांगितलंस त्या बाईंना?"

पेंटरने सांगितलं. शिडीचं, थरथरणाऱ्या हातांचं, सहा वर्षं घरी मारलेल्या थापांचं. या वेळी त्याने त्यात एकही गंमत घातली नाही. गॅलरीतली बायको कठड्यावरून वाकली होती ती तशीच राहिली. वकिलाने पायाखालचं एक सुताचं टोक उचललं आणि बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. कलमात बसतं."

न्हाव्याने फेस लावला. डावी बाजू. वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला आणि खाली वाकला, गिऱ्हाइकाच्या कानाजवळ तोंड येईल एवढा.

"काल सहा तास झोपली," तो पुटपुटला. "हलू नकोस."

पेंटर कसा हलणार? पातं ओठावर होतं. डोळ्यांतून पाणी निघालं आणि गालावरून फेसात गेलं.

"अरे, हा मिशीसाठी रडतोय," वकील म्हणाला, आणि सगळं अंगण खो खो हसलं.

"रडू दे," न्हावी म्हणाला. "वीस वर्षांची होती." आणि त्याने वस्तरा खाली ओढला.